तनुश्री दत्ता–नाना पाटेकर वाद

हिंदी चित्रपटसृष्टीतील लैंगिक छळाच्या आरोपाचे गाजलेले प्रकरण. २००८मध्ये ‘हॉर्न ओके प्लीज’मधील गाण्याच्या चित्रीकरणावेळी पाटेकरांनी गैरवर्तन केले, असा अभिनेत्री दत्ता यांचा आरोप, पाटेकरांनी तो साफ फेटाळला.

तेव्हाची तक्रार कलाकारांच्या ‘सिंटा’ संघटनेकडे गेली होती. छळाचा मूळ मुद्दा त्या वेळी हाताळलाच गेला नाही, ही संघटनेची कबुली मात्र २०१८मधली. वरातीमागून घोडे!

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ओशिवरा पोलिसांनी गुन्हा नोंदवला आणि जून २०१९मध्ये पुरावा नसल्याचे सांगत प्रकरण बंद करण्याचा ‘बी समरी’ अहवाल दिला. दत्ता यांनी त्याला हरकत घेतली. मार्च २०२५मध्ये अंधेरीच्या दंडाधिकाऱ्यांनी आरोपाच्या खरेखोटेपणात न शिरता दखल घेण्यास नकार दिला: कायद्याने मुदत तीन वर्षांची, गुन्हा नोंदला गेला दहा वर्षांनी.