वार्धक्यातील नैराश्य

साठी उलटलेल्या माणसाला होणारा नैराश्याचा आजार. मन उदास राहणे किंवा पूर्वी आवडणाऱ्या कशातही रस न उरणे, यांपैकी एक तरी लक्षण किमान दोन आठवडे, जवळजवळ रोज आणि दिवसाचा बराचसा वेळ टिकले, आणि त्याच्या जोडीने झोप, भूक, हालचाल, एकाग्रता बिघडून रोजचे व्यवहार अडू लागले, म्हणजे हे निदान होते. २००७च्या ज्येष्ठ नागरिकविषयक कायद्याने भारतात ज्येष्ठ ठरण्याचे वय ६० धरले आहे, आणि इथल्या बहुतेक पाहण्याही तिथूनच मोजणी सुरू करतात. हा आजार म्हणजे म्हातारपण नव्हे. बहुतेक वृद्धांना तो होत नाही आणि ज्यांना होतो त्यांतले पुष्कळ जण उपचारांनी बरे होतात. तरीही ‘वय झालं, असं व्हायचंच’ एवढे म्हणून घरातली आणि कित्येकदा दवाखान्यातलीही चौकशी थांबते. पुढे सांगितलेल्या अडचणींपैकी कितीतरी अडचणी या एका समजुतीतून निघतात.

नैराश्य हा शब्द वृद्धांच्या तोंडी क्वचितच असतो. ते म्हणतात : जीव रमत नाही, कशातच राम वाटत नाही, घास उतरत नाही, अंगात त्राण नाही, जिवाला चैन नाही. ‘आमचं काय, पिकलं पान’ किंवा ‘देवानं आता उचलावं’ हे घरच्यांना बोलण्यातले वळण वाटते. ते तसे असूही शकते. पण जे माणूस कालपरवापर्यंत असे बोलत नव्हते ते अचानक बोलू लागले, तर तो बदल लक्षात घेण्यासारखा असतो. या अवस्थेची ओळख आपल्याकडे नवी नाही. चरकसंहितेने रोग वाढवणाऱ्या गोष्टींमध्ये विषादाला पहिले स्थान दिले आहे.

व्याप्ती : मुंबईतील आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने इतर संस्थांच्या सहकार्याने २०१७-१८मध्ये ४५ वर्षांवरील ७२ हजारांहून अधिक लोकांची देशव्यापी पाहणी केली. ती ‘लासी’ या नावाने ओळखली जाते. तिच्यातील प्रश्नावलीनुसार साठीपुढच्या ८.३ टक्के लोकांना नैराश्य असण्याची शक्यता दिसली. मात्र आपल्याला नैराश्याचे निदान झाले आहे, असे सांगणारे केवळ ०.८ टक्के होते. या दोन आकड्यांतली दहापट तफावत हीच या विषयातली सर्वांत बोलकी माहिती आहे. २०११च्या जनगणनेत महाराष्ट्राच्या लोकसंख्येत साठीपुढचे लोक ९.९ टक्के, म्हणजे एक कोटीहून अधिक होते. गोव्यात हे प्रमाण ११.२ टक्के होते. त्यानंतर ते वाढलेच आहे.

लक्षणे : तरुणपणीचे नैराश्य आणि उतारवयातले नैराश्य दिसायला सारखे नसते. वृद्ध माणूस रडेलच असे नाही, आपण उदास आहोत असे तो म्हणेलच असेही नाही. तो शरीराबद्दल बोलतो. तालुक्याच्या दवाखान्यात नातवाचा हात धरून आलेली एखादी आजी सांगू लागते : गुडघे धरलेत, पोटात गॅस होतो, डोके जड असते, हातापायांची आग होते. डॉक्टर वेदनाशामक, आम्लपित्ताची गोळी आणि कॅल्शियम लिहून देतात. पंधरा दिवसांनी ती परत येते, त्याच तक्रारी घेऊन. गुडघे खरोखरच दुखत असतात, हे विसरता कामा नये. पण तुळशीला पाणी घालणे कधी सुटले, एकादशीच्या भजनाला जाणे कधी बंद झाले, शेजारीण हाक मारून गेली तरी ओटीवर का आली नाही, हे तिला कुणी विचारलेले नसते. निदान बहुतेक वेळा अशा उत्तरांतच असते.

पहाटे तीन-साडेतीनला जाग येते आणि मग उजाडेपर्यंत डोळ्याला डोळा लागत नाही. सकाळ जड जाते, दिवस कलल्यावर थोडे बरे वाटते. वजन घटते, बोलणे-चालणे मंदावते. काहींची उलट घालमेल वाढते आणि ते येरझारा घालत राहतात. जुन्या, क्षुल्लक चुका मोठ्या वाटून अपराधी वाटू लागते. तीव्र आजारात आपले आतडे सडले आहे किंवा पैसा सगळा बुडाला आहे, अशा भ्रामक समजुतीही होतात.

सर्वांत मोठा घोटाळा स्मृतीबाबत होतो. नैराश्यात लक्ष लागत नाही, म्हणून नवे काही मनात नोंदले जात नाही, आणि घरच्यांना वाटते की स्मृतिभ्रंश झाला. असा माणूस आपल्या विसराळूपणाची तक्रार बहुधा स्वतः करतो, आणि प्रश्न विचारला की प्रयत्न न करताच ‘मला नाही माहीत’ म्हणून मोकळा होतो. स्मृतिभ्रंशाचा रुग्ण सहसा विसर पडतो हे मान्य करत नाही आणि चुकीचे का होईना, उत्तर देतो. ही खूण पक्की नव्हे. दोन्ही आजार एकत्रही असतात आणि कधी नैराश्य ही स्मृतिभ्रंशाची पूर्वसूचना असते. म्हणूनच तपासणी हवी. नैराश्यामुळे मंदावलेली स्मृती उपचारांनी पुष्कळदा सुधारते. ते नैराश्य स्मृतिभ्रंश समजून सोडून दिले, तर त्या माणसाची बरे होण्याची संधीच हिरावली जाते.

शरीरातील कारणे : थायरॉइडचे काम मंदावणे, बी-१२ जीवनसत्त्व किंवा रक्त कमी असणे यांतून नैराश्यासारखे चित्र उभे राहते. शाकाहारी घरांत बी-१२ची कमतरता बरीच आढळते, तेव्हा रक्ताच्या या साध्या तपासण्या आधी करून घ्याव्यात. पक्षाघात, कंपवात, हृदयविकार आणि मधुमेह यांच्याशी नैराश्याचे नाते दुहेरी आहे : ते आजार नैराश्य आणतात, आणि नैराश्य आले की गोळ्या चुकतात, पथ्य सुटते, आजार बळावतो. उतारवयात पहिल्यांदाच आलेल्या नैराश्यामागे मेंदूतील बारीक रक्तवाहिन्यांची हानी असू शकते, अशी ‘रक्तवाहिनीजन्य नैराश्या’ची कल्पना अमेरिकेतील मनोविकारतज्ज्ञ जॉर्ज अ‍ॅलेक्सोपोलस आणि सहकाऱ्यांनी १९९७मध्ये मांडली. स्टेरॉइडसारखी काही औषधेही मनःस्थिती बिघडवतात.

कान आणि डोळे यांच्याकडे जितके लक्ष जायला हवे तितके जात नाही. ऐकू कमी येऊ लागले की चारचौघांत बसलेला माणूस प्रत्येक वाक्य दोनदा विचारायला संकोचतो. आधी नुसता हसून मान हलवतो, पुढे गप्प बसतो, शेवटी आतल्या खोलीत जाऊन पडतो. श्रवणयंत्र आणलेले असते, पण सेल संपल्यापासून ते कपाटात पडून असते. तो सेल बदलणे हासुद्धा मनाचा उपचारच आहे.

घर, गाव आणि पैसा : एकटे राहणे आणि एकाकी असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. भरल्या घरातही माणूस एकाकी असतो. जोडीदाराचा मृत्यू हा मोठा आघात असतो. शोक हा आजार नव्हे. त्यात दुःख लाटांसारखे येते-जाते, गेलेल्याच्या आठवणींत मायाही असते आणि स्वतःविषयी तुच्छता नसते. पण महिने लोटले तरी माणूस अंथरुणातून उठत नसेल, तर शोक म्हणून थांबून राहू नये. वैधव्य स्त्रियांच्या वाट्याला अधिक येते, आणि त्यांच्या नावावर मालमत्ता किंवा हाताशी निवृत्तिवेतन असण्याची शक्यता कमी असते.

महाराष्ट्रात स्थलांतराने म्हातारपणाचे रूप बदलले आहे, तेही प्रत्येक भागात वेगळ्या तऱ्हेने. कोकणात चाकरमानी गणपतीला आणि शिमग्याला येतात, आणि मागे मोठ्या घरात एखाददुसरे म्हातारे माणूस दिवा लावायला उरते. बीड आणि आसपासच्या भागांतून ऊसतोडीला गेलेल्या कुटुंबांतले आजी-आजोबा साखर कारखान्यांचा हंगाम संपेपर्यंत गावी नातवंडे सांभाळतात. इथे एकाकीपणाबरोबर न झेपणारी जबाबदारीही असते. उलट गावचे घर बंद करून मुलाच्या फ्लॅटवर आणलेल्यांचा ओटा जातो, पार जातो, नावाने हाक मारणारी माणसे जातात. मुले काळजी घेत असतात, जेवणखाण वेळेवर असते, तरी ‘कुणाच्या पायात पाय नको’ म्हणून ते दिवसभर एका खुर्चीत बसून राहतात. शेती मुलांच्या नावे झाली किंवा स्वयंपाकघर सुनेच्या हाती गेले की घरात आपला सल्ला कुणी विचारत नाही, ही बोच फार खोल असते. माणसाला आपले काही काम लागते. मग ते भाजी निवडणे असो, नाहीतर सोसायटीचा हिशेब पाहणे असो. मराठी रंगभूमीने ही वेदना लवकर ओळखली. वि. वा. शिरवाडकरांच्या ‘नटसम्राट’मध्ये (१९७०) आणि जयवंत दळवींच्या ‘संध्याछाया’मध्ये ती केंद्रस्थानी आहे.

बहुसंख्य वृद्धांनी आयुष्यभर शेतात किंवा मजुरीवर काम केलेले असते, त्यांना निवृत्तिवेतन नसते. श्रावणबाळ योजनेतून मिळणारे दरमहा दीड हजार रुपये थोडे वाटतील, पण औषधासाठी मुलाकडे हात पसरावा न लागणे याची किंमत त्या रकमेहून मोठी आहे. तीच गोष्ट एसटीची. ऑगस्ट २०२२पासून राज्यात ७५ वर्षांवरील नागरिकांना एसटीचा प्रवास विनामूल्य आहे. लेकीकडे जायला कुणाची परवानगी आणि कुणाचे पैसे लागत नाहीत, ही मोकळीक मनाला बळ देते.

निदान : ‘जेरिॲट्रिक डिप्रेशन स्केल’ ही चाचणी अमेरिकेत जेरोम येसॅव्हेज आणि सहकाऱ्यांनी १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला तयार केली. मूळ प्रश्न ३० आणि संक्षिप्त आवृत्तीत १५. उत्तरे फक्त ‘हो’ किंवा ‘नाही’. झोप-भूक-थकवा यांवर भर देणारे प्रश्न तिच्यात मुद्दाम टाळले आहेत, कारण त्या तक्रारी वृद्धांत इतर आजारांमुळेही असतात. संक्षिप्त चाचणीत पाचहून अधिक गुण आले तर सविस्तर तपासणी करतात. चाचणी म्हणजे निदान नव्हे. आणि मुलगा-सून शेजारी उभे असताना विचारलेल्या प्रश्नांची खरी उत्तरे मिळत नाहीत. वृद्धाशी काही वेळ एकट्याशी बोलणे अत्यावश्यक आहे.

उपचार : सौम्य आजारात समुपदेशन आणि दिनक्रम सावरणे पुरते. समुपदेशक एकदम मोठे काही सांगत नाही. उद्या सकाळी फक्त अंगणापर्यंत, परवा देवळापर्यंत, अशा पावलांनी सुटलेल्या गोष्टी एकेक करून परत आणतो. मध्यम व तीव्र आजारात औषधे लागतात. सर्ट्रालिन, एस्सिटॅलोप्रॅम यांसारखी औषधे कमी मात्रेने सुरू करून हळूहळू वाढवतात. सुरुवातीच्या आठवड्यांत वृद्धांच्या रक्तातले सोडियम घटू शकते. गुंगी किंवा बरळणे दिसले तर लगेच तपासावे. परिणाम दिसायला चार ते सहा आठवडे, कधी त्याहून अधिक लागतात, आणि बरे वाटल्यावरही निदान सहा महिने ते वर्षभर औषध चालू ठेवावे लागते. आठवड्यात गुण नाही म्हणून गोळ्या सोडणारे फार आहेत. झोपेच्या गोळ्या हा नैराश्याचा उपचार नाही. अल्प्राझोलॅम, क्लोनाझेपाम यांसारख्या गोळ्या वर्षानुवर्षे घेणाऱ्या वृद्धांत तोल जाऊन पडणे, खुब्याचे हाड मोडणे आणि विसराळूपणा वाढतो. मात्र त्या एकदम बंद करणेही धोक्याचे असते. डॉक्टरांच्या देखरेखीखाली हळूहळू कमी कराव्या लागतात. ज्यांनी अन्नपाणी सोडले आहे अशा अतितीव्र रुग्णांना भूल देऊन केलेले विद्युत उपचार जीव वाचवतात. चित्रपटांनी त्यांची बसवलेली भीती अनाठायी आहे.

जगाच्या बहुतेक भागांत आत्महत्येचे प्रमाण वृद्ध पुरुषांत सर्वाधिक असते. मरणाचे विचार येतात का, असे विचारल्याने ते विचार मनात शिरत नाहीत. उलट बोलायला वाट मिळते. धोका वाटत असेल तेव्हा घरातली कीटकनाशके आणि साठवलेल्या गोळ्या कुलपात ठेवाव्यात व माणसाला एकटे सोडू नये.

गोव्याचा अनुभव : विक्रम पटेल आणि मार्टिन प्रिन्स यांनी २००१मध्ये गोव्यातील एक अभ्यास प्रसिद्ध केला. लोकांना वृद्धांतली ही लक्षणे ओळखता येत होती, पण ती आजाराची वाटत नव्हती. मुलांचे दुर्लक्ष आणि प्रेमाचा अभाव हेच कारण ते सांगत. या समजुतीत अर्धे सत्य आहे, आणि तेच घातक ठरते. दोष कुणाला द्यायचा हे ठरते आणि उपचार राहून जातो. नंतर गोव्यातच ‘संगत’ या संस्थेच्या सहभागाने, अमित डायस आणि सहकाऱ्यांनी लक्षणे सुरू झालेल्या पण पूर्ण आजार न झालेल्या १८१ वृद्धांवर प्रयोग केला. मानसोपचाराची पदवी नसलेल्या, प्रशिक्षण दिलेल्या स्थानिक समुपदेशकांनी त्यांतल्या एका गटाला अडचणी सोडवण्याची रीत शिकवली, झोपेच्या सवयी सुधारल्या, मधुमेहासारख्या आजारांत स्वतःची काळजी कशी घ्यावी हे सांगितले आणि सरकारी योजना मिळवून द्यायला मदत केली. वर्षभरात या गटातील ९१पैकी चौघांना नैराश्याचा पूर्ण आजार झाला. नेहमीची सेवा मिळालेल्या ९०पैकी तेराजणांना. २०१९मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. मनोविकारतज्ज्ञ मोजके असलेल्या प्रदेशाला हा मार्ग परवडणारा आहे.

कायदा व मदत : २००७च्या कायद्याने मुलांकडून निर्वाहखर्च मागण्याचा हक्क दिला आहे. सांभाळण्याच्या अटीवर मालमत्ता दिली आणि सांभाळले नाही, तर ते हस्तांतरण कलम २३नुसार रद्द करून घेता येते. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ने सरकारी यंत्रणेकडून मानसिक उपचार मिळणे हा हक्क मानला. गावोगावचे ज्येष्ठ नागरिक संघ आणि त्यांचा राज्य महासंघ ‘फेस्कॉम’ यांमुळे अनेकांना रोज संध्याकाळी कुठेतरी जायचे असते. ज्येष्ठांसाठी १४५६७ ही ‘एल्डरलाइन’ आहे, आणि मानसिक त्रासासाठी ऑक्टोबर २०२२पासून ‘टेलि-मानस’ची १४४१६ ही विनामूल्य सेवा रात्रंदिवस सुरू आहे. तिथे मराठीत बोलता येते, आणि वृद्ध स्वतः बोलायला तयार नसेल तर घरातले कुणीही आधी फोन करून विचारू शकते.