वसई : तीन नावांचे एक गाव

एखाद्या गावाला किती नावे असावीत? आपण ज्याला वसई म्हणतो, त्याला पोर्तुगीज ‘बसाईं’ म्हणत आणि इंग्रज ‘बॅसीन’. माझ्या पिढीतल्या मंडळींना पश्चिम रेल्वेच्या स्थानकावरची ‘बॅसीन रोड’ ही पाटी आठवत असेल. तीन नावे म्हणजे तीन राजवटी. पण या तिन्ही नावांच्या खाली जे गाव होते, तिथल्या वाड्या, तिथली भातशेती, कोळ्यांच्या होड्या आणि पानमळे, त्यांची कथा आपण फारशी सांगत नाही. आज मी वसईचा इतिहास सांगणार आहे तो तिच्याविषयी झालेल्या करारांच्या आधाराने. कारण या गावावर जितक्या लढाया झाल्या, जवळजवळ तितक्याच सह्याही झाल्या.

पहिली सही झाली ती जमिनीवर नव्हे, जहाजावर. तारीख २३ डिसेंबर १५३४. गुजरातचा सुलतान बहादूरशहा उत्तरेकडून येणाऱ्या हुमायूनच्या धास्तीने चिंतेत होता. समुद्रावर पोर्तुगीजांचे आरमार होते आणि त्यांचा गव्हर्नर नुनो द कुन्हा याने आदल्याच वर्षी वसईवर हल्ला करून तिथली तटबंदी उद्ध्वस्त केली होती. एकाच वेळी दोन शत्रू नकोत, म्हणून सुलतानाने समुद्राकडच्या शत्रूशी तह केला. ‘साओ मातेउस’ या पोर्तुगीज गलबतावर तो पक्का झाला. वसई, तिच्या ताब्यातील मुलूख आणि मुंबईची बेटे त्याने पोर्तुगालच्या राजाला देऊन टाकली.

या तहातली कलमे वाचली की पोर्तुगीजांना नेमके काय हवे होते ते कळते. गुजरातच्या बंदरांतून तांबड्या समुद्राकडे जाणाऱ्या जहाजांनी वसईला येऊन परवाना घ्यावा आणि परतताना तिथेच जकात भरावी. सुलतानाने आपल्या बंदरांत लढाऊ जहाजे बांधू नयेत. तुर्कांना थारा देऊ नये. म्हणजे शेतीपेक्षा त्यांचा डोळा होता समुद्रावरच्या वाटेवर. वसई हा त्या वाटेवरचा जकातनाका होणार होता. पुढे तीनच वर्षांत, १५३७ साली, दीवला पोर्तुगीजांच्या भेटीस गेलेला बहादूरशहा तिथल्या झटापटीत मारला गेला. तह करणारा गेला, तह मात्र राहिला.

त्यानंतर दोनशे वर्षे वसई पोर्तुगीजांकडे होती. या काळात त्यांनी जो किल्ला बांधला त्याचा विस्तार सुमारे ११० एकर आहे. आपल्याकडच्या डोंगरी किल्ल्यांची सवय असलेल्या माणसाला हा किल्ला निराळाच वाटतो, कारण हे तटबंदीने वेढलेले एक शहर होते. आत रस्ते होते, चौक होता, न्यायालय, इस्पितळ, तुरुंग आणि निरनिराळ्या पंथांच्या पाद्र्यांचे मठ होते. एक दरवाजा समुद्राकडे, एक जमिनीकडे. दमणपासून चौलपर्यंतचा जो प्रदेश पोर्तुगीज ‘उत्तरेचा प्रांत’ म्हणत आणि मराठी कागदपत्रे ‘फिरंगाण’ म्हणत, त्याचा सेनाधिकारी इथे राहत असे. आसपासची गावे लष्करी चाकरीच्या बदल्यात अल्प खंडाने पोर्तुगीज सरदारांना दिलेली होती. हे सरदार गावाचे धनी झाले आणि कसणारा कुणबी कसतच राहिला.

या राजवटीच्या दोन बाजू आहेत आणि दोन्ही सांगितल्या पाहिजेत. देवळे पाडली गेली, हिंदूंना आपले धार्मिक विधी उघडपणे करण्यास मज्जाव झाला, धर्मांतरासाठी प्रलोभन आणि दडपण यांचा वापर झाला. हे सारे कागदोपत्री नोंदलेले आहे. ते सौम्य करून सांगण्याची गरज नाही. दुसरी बाजू अशी की याच वसईत १५५६ च्या सुमारास गोन्सालो गार्सिया जन्मला. वडील पोर्तुगीज आणि आई इथली, असे परंपरा सांगते. तो जपानला गेला, तिथे व्यापार केला, पुढे मनिला येथे फ्रान्सिस्कन संघात शिरला आणि ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीला क्रुसावर मारला गेला. १८६२ साली पोप नववे पायस यांनी त्याला संतपद दिले. भारतात जन्मलेला हा पहिला कॅथलिक संत. आणि रोजच्या बोलण्यातले म्हणाल, तर पाव, बटाटा, कोबी, अननस, चावी, पगार, घमेले हे शब्द आपण फिरंग्यांकडूनच घेतले. किल्ल्यातल्या ‘तुरुंगा’चा शब्दही त्यांचाच. राज्य जाते, शब्द घरात राहतात.

वसईच्या भरभराटीला पहिला तडा गेला तो लिस्बन आणि लंडनमध्ये. १६६१ साली पोर्तुगालची राजकन्या कॅथरिन हिचा विवाह इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्सशी ठरला आणि हुंड्यात मुंबई गेली. प्रत्यक्ष ताबा मिळायला १६६५ उजाडले. तीनच वर्षांनी राजाने ते बेट वर्षाला दहा पौंड खंडाने ईस्ट इंडिया कंपनीला देऊन टाकले. तेव्हा वसई हे शहर होते आणि मुंबई हे वसईच्या दक्षिणेचे एक दमट बेट होते. पुढच्या शंभर वर्षांत पारडे पूर्ण फिरले.

आता १७३७ ते १७३९ या मोहिमेकडे येऊ. साष्टी आणि वसईतल्या लोकांच्या तक्रारी पुण्यास पोचवणारी माणसे स्थानिकच होती. मालाडचे अंताजी रघुनाथ आणि अंजूरचे गंगाजी नाईक ही त्यांतली ठळक नावे. ‘साष्टीची बखर’ हा सारा प्रकार रंगवून सांगते. १७३७ च्या वसंतात मराठ्यांनी ठाणे घेतले आणि साष्टी हाती आली. वसई मात्र हटेना. तीन बाजूंना पाणी व दलदल, आणि चौथ्या, उत्तरेच्या बाजूला वाळूची उघडी जमीन. हल्ला करायचा तर तिकडूनच आणि तोफांच्या तोंडावरच.

१७३९ च्या आरंभी चिमाजी अप्पांनी एकेक ठाणे उचलले. तारापूरच्या हल्ल्यात बाजी भिवराव रेठरेकर पडले. बाजीरावांचा हा अत्यंत जिवलग सरदार. मग वसईला वेढा घट्ट झाला. मल्हारराव होळकर, राणोजी शिंदे येऊन मिळाले. समुद्रात मानाजी आंग्र्यांचे आरमार होते. वेळ थोडा होता. पावसाळा तोंडावर आलेला आणि तिकडे मार्चमध्ये नादिरशहाने दिल्लीत कत्तल केलेली. उत्तरेत काय होईल याचा नेम नव्हता. ‘किल्ला हाती येत नसेल तर निदान माझे मस्तक तोफेने आत टाका,’ असे अप्पा म्हणाले, ही आख्यायिका आपण शाळेत ऐकतो. आख्यायिका म्हणूनच ती घ्यावी. पण त्या दिवसांतली घालमेल तिच्यात बरोबर पकडलेली आहे. मे महिन्यात बुरुजांखाली सुरुंग उडाले, काही आपल्याच माणसांच्या अंगावर उलटले, खिंडारातून हल्ले झाले आणि माघारीही झाल्या. दोन्हीकडची माणसे शर्थीने लढली. मार्तिन्यो द सिल्व्हेरा द मेनेझिस हा किल्ल्याचा सेनानी वेढ्यात मारला गेला. त्याच्या जागी आलेल्या काएतानो द सौझा परेरा याने अखेर १६ मे १७३९ रोजी शरणागतीच्या कलमांवर सही केली.

या कलमांकडे आपले लक्ष जावे असे मला मनापासून वाटते. हजारो माणसे गमावलेल्या फौजेचा सेनापती ही कलमे मान्य करीत होता. शिबंदीने शस्त्रांसह, वाद्ये वाजवीत बाहेर पडावे. बायकामुले आणि चीजवस्तू घेऊन जावे. ज्यांना मागे राहायचे आहे त्यांनी राहावे, आणि जे ख्रिस्ती मागे राहतील त्यांना आपला धर्म पाळण्याची मोकळीक असावी. २३ मे रोजी पोर्तुगीज किल्ल्यातून निघाले. चर्चमधल्या काही घंटा देशावर गेल्या. नाशिकचे नारोशंकराचे देऊळ, भीमाशंकर, वाईजवळची मेणवली इथल्या घंटा वसईच्या मोहिमेतल्या, असे सांगतात. घंटा गेल्या, पण चर्च ओस पडली नाहीत. युरोपीय पाद्री गेले, तेव्हा देशी पाद्र्यांनी गावोगावची देवळे सांभाळली. हो, देवळेच. वसईची ख्रिस्ती माणसे आपल्या चर्चला कित्येकदा देऊळच म्हणतात.

काही वर्षांपूर्वी याच विषयावरच्या एका व्याख्यानानंतर एक विद्यार्थी माझ्याकडे आला. चांगला, विचारी मुलगा. म्हणाला, “सर, हा विजय आमचाही आहे का? आम्ही ख्रिस्ती. शाळेत कुणी कुणी आम्हाला फिरंगी म्हणायचे.” मी त्याला विचारले, “घरी कोणती भाषा बोलता?” तो म्हणाला, “आजी कादोडी बोलते, आम्ही मराठी.” मी म्हटले, “मग फिरंगी १७३९ मध्ये गलबतात बसून गेले. तुम्ही इथेच राहिलात.” माझ्या उत्तराने त्याचे समाधान झाले की नाही, सांगता येत नाही. पण त्याचा प्रश्न मला आजही महत्त्वाचा वाटतो. धर्मांतर ज्यांच्यावर झाले त्यांच्याच वंशजांना धर्मांतर करणाऱ्यांचा हिशेब मागायचा, हा कुठला न्याय? सामवेदी ब्राह्मण आणि सामवेदी ख्रिस्ती यांची बोली एक, लुगड्याची तऱ्हा सारखी, पानमळे आणि केळीच्या बागा शेजारी शेजारी. याच मातीतले फादर फ्रान्सिस दिब्रिटो ‘सुवार्ता’ मासिकाचे संपादक होते, वसईची हिरवाई वाचवायच्या आंदोलनात पुढे होते, आणि २०२० साली उस्मानाबादच्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. २०२४ मध्ये ते गेले. चिमाजी अप्पांनी मान्य केलेल्या त्या एका कलमाची फळे कुठवर आली, ते यावरून कळावे.

वसई पडली तेव्हा सर्वांत बारकाईने कोण पाहत होते? मुंबईचे इंग्रज. पोर्तुगीजांना त्यांनी मदत केली ती अगदी हातचे राखून. किल्ला पडताच त्यांचा कॅप्टन इंचबर्ड चिमाजी अप्पांकडे आला आणि जुलै १७३९ मध्ये तह करून गेला. मुंबईत शहराभोवती खंदक खणण्याची तजवीज सुरू झाली. शत्रू गेला याचा आनंद आणि नवा शेजारी आला याची भीती, दोन्ही एकदमच. पस्तीस वर्षांनी, १७७४ च्या अखेरीस, इंग्रजांनी ठाणे आणि साष्टी घेतली. १७७५ च्या सुरतेच्या तहात राघोबादादांनी, पेशवेपदाच्या आशेने, साष्टीबरोबर वसईही देऊ केली. जी वसई त्यांच्या काकांनी माणसे वेचून घेतली होती, ती पुतण्याने एका सहीने देऊ केली. डिसेंबर १७८० मध्ये जनरल गोडार्डने किल्ला वेढा घालून घेतला. १७८२ च्या सालबाईच्या तहाने वसई मराठ्यांना परत मिळाली. साष्टी मात्र इंग्रजांनी ठेवून घेतली.

आणि मग शेवटची सही. २५ ऑक्टोबर १८०२ रोजी हडपसरला यशवंतराव होळकरांनी पेशवे आणि शिंदे यांच्या फौजांचा पराभव केला. राघोबांचा मुलगा दुसरा बाजीराव पुणे सोडून कोकणात उतरला आणि इंग्रजांच्या आश्रयाने वसईला आला. ३१ डिसेंबर १८०२ रोजी त्याने तह केला. कंपनीची किमान सहा हजारांची फौज कायम पदरी ठेवायची, तिच्या खर्चासाठी सव्वीस लाखांचा मुलूख तोडून द्यायचा, इतर सत्तांशी बोलणे कंपनीला विचारून करायचे. पुढच्याच वर्षी असईची लढाई झाली. १८१८ साली पेशवाई संपली. मराठ्यांच्या इतिहासातला अभिमानाचा एक मोठा दिवस आणि नामुष्कीचा एक मोठा दिवस, दोन्हींच्या मागे एकाच गावाचे नाव लागावे, आणि मध्ये फक्त त्रेसष्ट वर्षे असावीत! किल्ला बाहेरून घेणे कठीण होते. भाऊबंदकीने तो आतून आपोआप रिकामा झाला.

इंग्रजांना मुंबई असताना वसईची गरज उरली नाही. किल्ल्यात साखरेच्या कारखान्याचा प्रयोग झाला, तो फसला. तटावर वड-पिंपळ वाढले. १८७६ मध्ये डॉ. जे. गर्सन द कुन्हा यांनी चौल आणि वसईच्या अवशेषांवर इंग्रजीत पुस्तक लिहिले, तेव्हा बऱ्याच शिलालेखांची नोंद झाली.

आज आपण या किल्ल्यात गेलात तर तिथे चिमाजी अप्पांचे स्मारक दिसेल, शंकराचे देऊळ दिसेल आणि संत गोन्सालो गार्सियाच्या नावाचे पडके चर्चही दिसेल. तिन्ही ठिकाणी लोक येतात, फुले वाहतात. ही फुलेही बहुधा वसईच्याच वाड्यांतली असतात. १५३४ पासून १८०२ पर्यंत ज्यांनी ज्यांनी वसई दिली किंवा घेतली, त्यांतल्या एकानेही वाडीतल्या माणसाला विचारले नाही. तरी तो तिथेच आहे. आपल्या मुलांना वसईची लढाई जरूर सांगा, पण तिच्यासोबत शरणागतीचे ते कलमही सांगा.

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)