चावीची वंशावळ

चेणे गांवाच्या एका अंगास साष्टीचे डोंगर, दुसऱ्या अंगास वसईची खाडी. इ. स. १५३४ मध्यें गुजरातच्या बहादुरशहानें हा मुलूख पोर्तुगीजांस दिला, आणि १७३९ च्या मे महिन्यांत चिमाजीअप्पांनीं वसई घेतली. मधलीं सुमारें दोनशें वर्षें या खाडीकांठीं लॅटिन भाषेच्या एका कन्येचा वावर होता. राज्य गेलें, परंतु सकाळचा पाव, महिन्याचा पगार आणि कुलपाची चावी हीं तिचीं लेणीं मराठी घरांत राहिलीं.

ही कन्या जन्मली कशी? रोमन सैनिक व व्यापारी यांच्या तोंडची लॅटिन प्रांतोप्रांतीं पसरली. पांचव्या शतकांत पश्चिमेकडील साम्राज्य मोडलें, दळणवळण तुटलें, आणि प्राकृतांपासून मराठी, गुजराती निघाव्या तशा त्या बोलीपासून इटालियन, स्पॅनिश, फ्रेंच, पोर्तुगीज व रूमानियन निघाल्या. लॅटिन ‘क्लावेम्’ म्हणजे किल्ली. तिचें इटालियनांत ‘किआवे’, स्पॅनिशांत ‘ल्यावे’, फ्रेंचांत ‘क्ले’ व पोर्तुगीजांत ‘चावे’ झालें. ‘फ्लाम्मा’ म्हणजे ज्वाला; तिचीं रूपें अनुक्रमें ‘फियाम्मा’, ‘ल्यामा’, ‘फ्लाम’ आणि ‘चामा’. भेद आहे, पण तो नियमानें चालतो. हीच रक्तसंबंधाची खूण होय. गंमत अशी कीं, आज लिस्बनमध्यें या शब्दाच्या आरंभीं ‘श’ उच्चारतात. जुना ‘च’ मराठीनें जपला आहे.

मग मराठी ही लॅटिनची लेक काय? नव्हे. चावी व पाव हे पाहुणे शब्द. खरें नातें अधिक दूरचें व जुनें आहे: संस्कृत ‘सप्त’ आणि लॅटिन ‘सेप्तेम्’ या एकाच मूळ कुळाच्या शाखा, म्हणून मराठी ‘सात’ व पोर्तुगीज ‘सेत’ हीं चुलत भावंडें ठरतात. शेजारच्या कन्नडांतील ‘एळु’ मात्र द्राविड कुळांतला. तिकडे स्पेन व फ्रान्स यांच्या सीमेवर बास्क लोक सातास ‘सस्पि’ म्हणतात. शेजार शतकानुशतकांचा, पण कूळ अगदीं वेगळें. शेजारानें शब्द मिळतात, कूळ मिळत नाहीं.

या कसोटीस अवघड जाणारें उदाहरण कोंकणांतच आहे. १७४० सालीं चौल पोर्तुगीजांच्या हातून गेलें. तरी समोरच्या कोर्लई गांवांतील ख्रिस्ती कुटुंबांनीं पोर्तुगीजांतून उपजलेली आपली बोली सोडली नाहीं. तिचे शब्द बहुतेक पोर्तुगीज. परंतु क्रियापद मराठीप्रमाणें वाक्याच्या शेवटीं येऊन बसतें. जणूं लॅटिनची नात मराठीच्या घरांत वाढली!

अशीच बोली वसई, ठाणे व साष्टी येथेंहि होती. गोमंतकीय पंडित सेबास्तियांव रोदोल्फो दालगादो यांनीं १९०६ सालीं उत्तरेकडील या बोलीचें वर्णन प्रसिद्ध केलें. पुढें ती या भागांतून लोपली; कोर्लईंत मात्र टिकली. ‘चावी’स मराठीनें आश्रय दिला, म्हणून ती जगली. संबंध भाषेस असा आश्रय कोणी देऊं शकत नाहीं. ती आईनें मुलाशीं बोलावी लागते. तो परिपाठ एका पिढीनें सोडला, तर दोन हजार वर्षांची वंशावळ त्या गांवापुरती तेथेंच संपते.