ऑगस्टमधला बर्फ

माझ्याकडे जपानी छापचित्रांचं एक जुनं कॅलेंडर होतं. डिसेंबरच्या पानावर हिरोशिगेचं असाकुसाचं देऊळ. वर दारात टांगलेला लालभडक कंदील, पलीकडे पांढरंशुभ्र आवार, छत्र्या घेऊन देवळाकडे निघालेली पाठमोरी माणसं आणि उजवीकडे पाच मजली पॅगोडा. असं काही पाहिलं की जपानी माणूस ऋतूंशी किती एकरूप, असं आपण म्हणून टाकतो. मीही म्हणायचो.

मग चित्रावरच्या शिक्क्याचा अर्थ कळला. त्या काळी चित्रं सरकारी तपासणीतून जात आणि साल-महिन्याचा शिक्का चित्रावरच उमटे. इथे १८५६चा सातवा महिना आहे. तोही चांद्र पंचांगातला, म्हणजे आपला साधारण ऑगस्ट. एदोत, आजच्या टोकियोत, लोक घामाने निथळत असताना हा माणूस बर्फ विकत होता! (बर्फ छापावा लागत नाही. ठशात तेवढी जागा खोल कोरायची, कागद कोरा राहतो.)

कारण आदल्या वर्षात आहे. ११ नोव्हेंबर १८५५च्या रात्री एदोत मोठा भूकंप झाला, पाठोपाठ आगी लागल्या, हजारो माणसं गेली. असाकुसाचा पॅगोडा तगला, पण त्याच्या शिखरावरचा धातूचा दांडा वाकला. पुढच्या उन्हाळ्यात तो सरळ केला गेला आणि लगेच हे चित्र आलं. अभ्यासक या दोन गोष्टींची सांगड घालतात, आणि मला ती पटते. लाल-पांढरी जोडी जपानमध्ये शुभ मानतात. लाल देवळाभोवती पांढरं हवं, तर बर्फाशिवाय दुसरं काय आणणार? चित्रातला दांडा अर्थातच ताठ आहे.

हिरोशिगेच्या घराण्याकडे एदोच्या किल्ल्यावर आगी विझवण्याची नोकरी होती. ती त्यानेही केली. जळकं शहर त्याला नवं नव्हतं. तरी 'एदोची शंभर प्रसिद्ध स्थळं' या मालिकेत पडझड जवळजवळ नाहीच. चेरीचा बहर आहे, पुलावरचा पाऊस आहे, चांदणं आहे. घर गमावलेल्या गिऱ्हाइकाला त्याने ढिगारे दाखवले नाहीत.

आणि ऋतूंचा क्रमही त्याचा नव्हे. चित्रं निघाली ती कुठल्याही ऋतूची, कुठल्याही महिन्यात. १८५८मध्ये तो वारला. त्यानंतर प्रकाशकाने अनुक्रमणिका काढली आणि सगळी मालिका वसंत, उन्हाळा, शरद, हिवाळा अशी लावली. त्या वाटणीत असाकुसाचं देऊळ हिवाळ्यात गेलं, आणि तिथून माझ्या डिसेंबरात.