पंधरावा कॉलम

मागच्या रविवारी सकाळी बोईसरहून मावसभावाचा फोन आला. पोरगा तारापूर एमआयडीसीत नोकरीला आहे, बोनस हातात पडलाय. प्रश्न ठरलेला. "दादा, आयफोन घेऊ की गॅलेक्सी? की पिक्सेल?"

मी सॉफ्टवेअरवाला, म्हणजे नातेवाइकांच्या लेखी चालताबोलता मोबाइल दुकानदार. त्याला म्हटलं, पुढच्या रविवारी सांगतो. उत्तर द्यायला बसलो, तर हात आपोआप एक्सेल उघडायला गेला. आणि तिथेच थबकलो, कारण अशी एक शीट मी आधी एकदा बनवली होती, २०१० साली. त्या शीटची गोष्ट सांगितल्याशिवाय उत्तर देता येणार नाही.

तेव्हा मी अंधेरीत पीजीत राहायचो. नवी नोकरी, नवा पगार, डोक्यात स्मार्टफोनचं भूत. चार फोन, चौदा कॉलम. प्रोसेसर, रॅम, कॅमेरा, स्क्रीन, बॅटरी, वाय-फाय, जीपीएस, वजन... प्रत्येकाला मार्क, मार्कांना वेटेज. एक फोन पहिला आला आणि तो मी घेतला. (कुठला ते विचारू नका. त्या एकट्याचा दोष नव्हता.)

आता जरा मागे जाऊ. भारतात पहिला मोबाइल कॉल झाला ३१ जुलै १९९५ ला. कोलकात्याहून ज्योती बसूंनी दिल्लीत सुखराम यांना केला. त्याच वर्षी मुंबईत बीपीएल आणि मॅक्सटच सुरू झाले. तेव्हा आलेल्या कॉललाही पैसे पडायचे, ते २००३ पर्यंत! आमच्या पट्ट्याची तर आणखी गंमत. मुंबईचं टेलिकॉम सर्कल वेगळं आणि पालघर-बोईसर पडलं महाराष्ट्र सर्कलमध्ये. मुंबईचं सिम घेऊन घरी आलं की स्क्रीनवर 'रोमिंग'. म्हणजे फोन कितीही भारी असो, तो तुम्ही कुठे राहता यावर ठरायचा.

याचं सगळ्यात मजेशीर उदाहरण म्हणजे आयफोन ३जी. २२ ऑगस्ट २००८ ला एअरटेल आणि व्होडाफोनने तो भारतात आणला. ८ जीबीचा ३१,००० रुपयांना. नावातच थ्रीजी, पण देशात थ्रीजी नेटवर्कच नव्हतं! एमटीएनएलने दिल्लीत ते सुरू केलं डिसेंबर २००८ मध्ये, आणि खाजगी कंपन्यांचं आलं नोव्हेंबर २०१० मध्ये. ज्या गुणावरून फोनचं बारसं झालं, तो गुण इथे दोन वर्षं नुसता खोक्यावर छापलेला.

पण माझ्या शीटमध्ये जो कॉलम नव्हता, तो याहून साधा होता. फोनला मराठी वाचता येतं का?

साध्या फोनांच्या दुनियेत हा प्रश्न बऱ्यापैकी सुटलेला होता. नोकियाने २००० साली ३२१० मध्ये हिंदी मेन्यू दिला. २००३ मध्ये टॉर्चवाला ११०० आला, खास भारतासाठी म्हणून. २००४ मध्ये हिंदी एसएमएसची सोय बऱ्याच मॉडेलांवर आली. कारण उघड होतं. हे फोन रिक्षावाले, दुकानदार, शेतकरी, कारखान्यातले ऑपरेटर घेणार होते. फ्लॅगशिप घेणारा मात्र इंग्रजीच वाचतो, असं धरलेलं. ते कोणी बोलून दाखवलं नाही, पण फोन उघडला की कळायचं.

माझे बाबा तारापूरच्या एका कारखान्यात ऑपरेटर होते. त्यांच्याकडे टॉर्चवाला साधा फोन. एका बटणावर चार-पाच अक्षरं, हवं ते येईपर्यंत दाबत बसायचं. तरी ते मेसेज देवनागरीतच लिहायचे, तेही हिशेबाने. हिशेब म्हणजे काय, तर एका एसएमएसमध्ये १४० बाइट मावतात. इंग्रजी अक्षराला ७ बिट लागतात, म्हणून १६० अक्षरं. देवनागरीला १६ बिट, म्हणून फक्त ७०. त्यात काना, मात्रा, वेलांटी, पायमोडी सगळं वेगळं मोजलं जातं. 'शुभेच्छा' हा एक शब्दच ८ घरं खातो. ७१ वं घर लागलं की दुसऱ्या मेसेजचे पैसे. बाबा कोपऱ्यातल्या आकड्याकडे बघत बघत लिहायचे.

२०१० च्या नवरात्रातला गुरुवार. नवा फोन घेऊन महिनाही झाला नव्हता. मी मीटिंगमध्ये, फोन सायलेंटवर. बाहेर येऊन बघतो तर बाबांचा एक मिस्ड कॉल, आणि खाली एक मेसेज. मेसेजमध्ये फक्त चौकोन. ओळीने, रिकामे, टाइल्स बसवाव्यात तसे. सणाचे दिवस, म्हटलं शुभेच्छा असतील. इंग्रजीत टाइप केलं, 'सेम टू यू बाबा', आणि कामाला लागलो.

मेसेज असा होता : "आजीला पालघरला दवाखान्यात ठेवलंय. रात्रीच्या गाडीने ये. मी स्टेशनवर आहे"

हे मला दुसऱ्या दिवशी कळलं, त्यांच्या फोनमध्ये. बाबा विरारहून येणाऱ्या शेवटच्या गाडीपर्यंत पालघर स्टेशनवर थांबले होते. 'सेम टू यू'चा अर्थ त्यांना लागला नाही, घाईत काहीतरी लिहिलं असेल म्हणाले. नंतर मी मेसेजची अक्षरं मोजली. बरोबर ७०. शेवटचा पूर्णविराम बसत नव्हता, तो त्यांनी गाळला होता.

आजी बरी झाली, पुढे आठ वर्षं होती, आणि 'सेम टू यू'वरून तिने मला आयुष्यभर पिडलं. पण एक गोष्ट बदलली. त्या दिवसानंतर बाबांनी मला देवनागरीत मेसेज केला नाही. इंग्रजी लिपीत, दोन-तीन शब्दांत. 'पोचलो.' 'पैसे मिळाले.' 'ये.' माझ्या फोनला त्रास नको म्हणून!

आता इंजिनिअरच्या नजरेने बघू. युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ पासून, अगदी पहिल्या आवृत्तीपासून आहे. मग चौकोन का? तर अक्षराला नंबर मिळाला म्हणजे ते स्क्रीनवर दिसतं असं नाही. आधी फाँट हवा. तो मिळाला तरी मांडणी हवी. 'दि' लिहिताना मेमरीत द आधी आणि वेलांटी नंतर, पण दाखवताना वेलांटी आधी. जोडाक्षरांचं तर विचारूच नका. हे काम करणारं इंजिन सिस्टिममध्ये नसेल तर अक्षरं सुटी पडतात, आणि फाँटही नसेल तर चौकोन. अँड्रॉइडमध्ये मुळातच देवनागरीची सोय आली ती ४.० मध्ये, २०११ च्या अखेरीस. तोवर आमच्यासारखे लोक ऑपेरा मिनीत जाऊन, ॲड्रेसच्या जागी 'ऑपेरा कोलन कॉन्फिग' टाइप करून, बिटमॅप फाँटचा पर्याय चालू करायचे. मग सर्व्हर मराठी मजकुराचं चित्र काढून पाठवायचा. बातम्या वाचता यायच्या, पण बापाचा एसएमएस नाही.

आणि हिंदी आली म्हणजे मराठी आली असंही नाही. 'आचाऱ्याला' आणि 'आचार्याला' यात स्वयंपाकी आणि गुरू एवढा फरक आहे. तो ऱ्य हिंदीला लागतच नाही, त्यामुळे हिंदीपुरता विचार केलेल्या फाँटला त्याची दखल नसायची. 'ॲ' या अक्षराला युनिकोडने स्वतंत्र जागा दिली २००८ मध्ये, ५.१ आवृत्तीत. म्हणजे आयफोन भारतात आला त्याच वर्षी 'ॲपल' हा शब्द मराठीत नीट लिहायची सोय झाली!

गाडी रुळावर आली २०१४ मध्ये. १ ऑगस्टला पालघर जिल्हा झाला, सप्टेंबरात आयओएस ८ मध्ये मराठी कीबोर्ड आला आणि वर्ष संपायच्या आत अँड्रॉइड ५.० मध्ये मराठी मेन्यू. पुढे २०१६ मध्ये सरकारने आदेश काढला की इथे विकल्या जाणाऱ्या प्रत्येक मोबाइलवर सगळ्या अधिकृत भारतीय भाषा वाचता आल्या पाहिजेत. साध्या फोनांना २००४ मध्ये जे सुचलं, ते फ्लॅगशिपांपर्यंत पोचायला इतकी वर्षं लागली. फ्लॅगशिप म्हणजे ताफ्यात निशाण मिरवणारं जहाज. आमच्या बंदरात मात्र ते सगळ्यात शेवटी लागलं.

तर भावा, तुझं उत्तर. कॅमेरा आणि प्रोसेसरमध्ये आता तिन्ही फोन चांगले आहेत, फार डोकं लावू नकोस. तुझे चौदा कॉलम तू भरशीलच. पंधरावा मी सांगतो. दुकानात मावशीला सोबत घेऊन जा. फोन तिच्या हातात दे. म्हणावं, "दुसऱ्या पाळीचा डबा आचाऱ्याला सांग" एवढं लिहून दाखव. मग तेच बोलून दाखव, घरी बोलते तसं, आणि फोनला काय कळतं ते बघ. एखाद्याला तिचं बोलणं कळलं नाही, तर तो कितीही मार्क मिळवो, शीटमधून उडव.

बाबा रिटायर झाले. आता त्यांच्याकडेही स्मार्टफोन आहे. मागच्या महिन्यात मी त्यांना मुद्दाम देवनागरीत लांबलचक मेसेज लिहिला, ७० ची पर्वा न करता. उत्तर इंग्रजी लिपीत आलं. एकच शब्द, 'ओके.'

सवय मोडायला वेळ लागेल. मी लिहीत राहणार आहे.