दर दोन तासांनी कूस

आजची गोष्ट कूस बदलण्याची. हो, एवढीच.

पहिल्या महायुद्धात मज्जारज्जूला इजा झालेले बहुतेक सैनिक दगावले. मला वाटायचं, मणका मोडला म्हणून. वाचत गेलो तेव्हा कळलं, जीव घेत होत्या एका जागी पडून झालेल्या जखमा आणि लघवीच्या मार्गातला संसर्ग. डॉक्टरांनीही आशा सोडलेली असायची.

फेब्रुवारी १९४४. इंग्लंडमधल्या स्टोक मँडेव्हिल हॉस्पिटलात डॉ. लुडविग गुटमन यांनी अशा जखमींसाठी वेगळा विभाग सुरू केला. नाझी जर्मनीतून १९३९मध्ये निसटलेले हे ज्यू डॉक्टर. त्यांचा नियम साधा होता: दर दोन तासांनी पेशंटची कूस बदलायची, रात्रीसुद्धा. माणसं जगू लागली. मग खेळू लागली. २९ जुलै १९४८ला, लंडन ऑलिंपिकच्या उद्घाटनादिवशीच, तिथे १६ जणांनी व्हीलचेअरवरून तिरंदाजी केली. पॅरालिंपिकचं मूळ ते. त्याच स्पर्धेत १९७२ला, जर्मनीतल्या हायडेलबर्गमध्ये, आपल्या सांगलीकडच्या मुरलीकांत पेटकरांनी पोहण्यात सुवर्णपदक मिळवलं. १९६५च्या युद्धात गोळ्या लागलेला हा जवान!

पण पदकापेक्षा मला ते दोन तास मोठे वाटतात. त्याला महागडं मशीन लागत नाही, माणूस लागतो. हॉस्पिटलात नर्स असते. घरी? बहुतेकदा आई नाहीतर बायको, उशाशी मोबाईलचा अलार्म लावून. डिस्चार्जच्या कागदासोबत तिला हे कुणी शिकवलं का, तिची झोप कोण वाटून घेणार, हेही उपचारातच येतं ना?