मेणबत्ती, उडालेला बल्ब आणि मासिक गोष्ठी

माझी मावशी जिल्हा परिषदेच्या शाळेत सातवीला विज्ञान आणि गणित शिकवते. मागच्या महिन्यात रात्री साडेनऊला तिचा फोन आला. "अगं, तू ते शिक्षणाच्या इतिहासावर काहीतरी करतेस ना? मग मला सांग, दोन मेणबत्त्या लावल्या की पाणी जास्त का चढतं?"

प्रयोग तुम्हीही शाळेत पाहिला असेल. ताटलीत पाणी, मधे पेटती मेणबत्ती, वरून काचेचा ग्लास पालथा. मेणबत्ती विझते आणि पाणी ग्लासात चढतं. बाई सांगतात, "बघा, ज्वलनात प्राणवायू संपला, त्याची जागा पाण्याने घेतली. हवेत एक पंचमांश प्राणवायू असतो, पाणीही तेवढंच चढलं." मावशीने वर्गात हेच सांगितलं होतं. त्यावर मागच्या बाकावरच्या एका मुलीने घरी दोन मेणबत्त्या लावून पाहिल्या. दुसऱ्या दिवशी ती विचारते, "बाई, ग्लास तोच, प्राणवायू तेवढाच, मग पाणी जास्त कसं?"

मावशीने मोबाइलवर शोधलं. मराठीत, हिंदीत, इंग्रजीत ढीगभर व्हिडिओ निघाले. काहींना लाखो लोकांनी पाहिलेलं. तिने उघडलेल्या जवळपास प्रत्येकात तेच उत्तर. साहित्य हवं तेवढं मिळालं, पण त्या मुलीचा प्रश्न कुठेच नव्हता.

आधी त्या प्रश्नाचं उत्तर सांगते, नाहीतर तुम्ही पुढचं वाचणार नाही! ग्लास खाली आणतानाच ज्योतीने आतली हवा तापते, फुगते आणि काही हवा कडेने बाहेर निसटते. नीट पाहिलं तर ग्लासाच्या कडेशी बुडबुडे दिसतात. मेणबत्ती विझली की उरलेली हवा थंड होऊन आकसते आणि बाहेरच्या हवेचा दाब पाणी आत ढकलतो. म्हणून पाणी मेणबत्ती जळत असताना सावकाश चढत नाही, विझल्यावर एकदम चढतं. दोन मेणबत्त्या म्हणजे जास्त उष्णता, जास्त हवा बाहेर, जास्त पाणी आत. प्राणवायू तर संपतही नाही. तो २१ टक्क्यांवरून साधारण १६ टक्क्यांवर आला की मेणबत्ती विझते. शिवाय मेण जळताना कार्बन डायऑक्साइड तयार होतो. प्राणवायूचे पाच भाग वापरले गेले तर त्याचे तीनेक भाग परत येतात. म्हणजे निव्वळ ज्वलनामुळे हवा कमी होते ती जेमतेम दोन टक्के.

रविवारी मी मावशीकडे गेले. स्वयंपाकघरात आम्ही एक, दोन आणि तीन मेणबत्त्या लावून प्रयोग केला आणि ग्लासावर स्केचपेनने खुणा केल्या. एकीला बोटभर पाणी चढलं, तिघींना जवळपास तीन बोटं. मावशी खूण बघत म्हणाली, "वीस वर्षं मी चुकीचं शिकवलं." मला वाईट वाटलं, कारण चूक तिची एकटीची नाही. ती फार म्हातारी आहे.

हा प्रयोग इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात बायझँटियमच्या फिलोने लिहून ठेवला. म्हणजे प्राणवायूचा शोध लागण्याच्या सुमारे दोन हजार वर्षं आधी! पुढे प्राणवायू सापडल्यावर जुन्या प्रयोगाला नवं स्पष्टीकरण चिकटलं, आणि 'एक पंचमांश' हा आकडा इतका नीट बसला की कोणी मोजायच्या भानगडीत पडलं नाही. १९९९ मध्ये बर्क आणि लॉसन या दोन अमेरिकी प्राध्यापकांनी 'जर्नल ऑफ केमिकल एज्युकेशन'मध्ये एक लेखच लिहिला, की हा गैरसमज मरत का नाही. त्यालाही आता पंचवीसहून जास्त वर्षं झाली.

आता माझ्या संशोधनाकडे येते. शाळेत 'घरच्या वस्तूंतून प्रयोग' ही कल्पना कुठून आली आणि एकेक प्रयोग हातोहात फिरताना काय टिकतं, काय गळतं, हे मी शोधते आहे. आज मावशीच्या मोबाइलवर जे येतं त्यातल्या बऱ्याच गोष्टींचं मूळ घराणं इंटरनेटच्या खूप आधीचं आहे.

दुसरं महायुद्ध संपलं तेव्हा युरोपात असंख्य शाळांच्या प्रयोगशाळा बेचिराख झाल्या होत्या. युनेस्कोच्या पुढाकाराने लंडनमधल्या सिटी ऑफ लंडन स्कूलचे विज्ञानशिक्षक जे. पी. स्टीफनसन यांनी उद्ध्वस्त देशांतल्या विज्ञानशिक्षकांसाठी सूचनांचं एक छोटं पुस्तक लिहिलं. उपकरणं नाहीत, तर हाताशी जे आहे त्यातून ती बनवा. गंमत म्हणजे पुस्तक लिहिलं युद्धग्रस्तांसाठी, पण त्याला खरी मागणी आली ती जिथे प्रयोगशाळा कधी नव्हत्याच अशा देशांतून. मग त्याचा विस्तार होऊन १९५६ मध्ये युनेस्कोचं 'सोर्स बुक फॉर सायन्स टीचिंग' आलं. आज ते जाळ्यावर फुकट मिळतं, तुम्ही नक्की चाळा.

चाळताना एक गोष्ट लक्षात येईल. त्यात विजेच्या उडालेल्या बल्बचा चंबू कसा करायचा ते दिलंय. मी लहान असताना आमच्या घरीही असा एक चंबू होता, मामाने केलेला. आता जरा तो करून बघा. घरात काचेचा बल्ब आहे का? एलईडी उडाला तर आत निघते प्लॅस्टिकची टोपी आणि एक सर्किट. 'घरात सहज मिळणारी वस्तू' ही गोष्ट काळाप्रमाणे बदलते, पण पीडीएफ बदलत नाही. मला भेटलेल्या एका शिक्षकांनी जुन्या पुस्तकातल्या प्रयोगासाठी असा बल्ब दुकानातून मुद्दाम विकत आणला होता. बिनखर्ची प्रयोगावर खर्च!

आपल्याकडे या सगळ्याला वेगळं वळण मिळालं ते होशंगाबाद जिल्ह्यात, म्हणजे आजच्या नर्मदापुरममध्ये. १९७२ साली किशोर भारती आणि रसूलियाचं फ्रेंड्स रूरल सेंटर या दोन संस्थांनी १६ माध्यमिक शाळांत (सहावी ते आठवी) एक कार्यक्रम सुरू केला. होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रम, लाडाने 'होविशिका'. किशोर भारती उभी करणारे अनिल सद्गोपाल मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतून तिकडे गेले होते. त्या संस्थेतले शास्त्रज्ञ आणि दिल्ली विद्यापीठातले प्राध्यापक खेड्यातल्या शिक्षकांबरोबर जमिनीवर बसून प्रयोग करत. (मुंबईत त्याच संस्थेने १९७४ मध्ये होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र सुरू केलं. तिथे वि. गो. कुलकर्णी यांच्या गटाने मराठी माध्यमाच्या मुलांना विज्ञान अडतं ते कितपत पुस्तकाच्या भाषेमुळे, याचा अभ्यास केला. तो विषय इतका मोठा आहे की त्यावर वेगळं लिहावं लागेल.) १९७८ मध्ये होविशिका संपूर्ण जिल्ह्यात गेली. १९८२ मध्ये एकलव्य ही संस्था स्थापन झाली आणि पुढे तिने हे काम सांभाळलं.

या कार्यक्रमाच्या 'बाल वैज्ञानिक' या पुस्तकांत उत्तरं जवळपास नसतच. प्रयोग करा, पाहा, मोजा, वहीत लिहा, असं सगळं. गणितही त्यातूनच यायचं: एकच वस्तू दहा जणांनी मोजली तर दहा मापं का येतात, नाणं पुन्हा पुन्हा उडवलं तर काय दिसतं. पण मला कागदपत्रं वाचताना पुस्तकांपेक्षा त्यांच्या भोवतीची व्यवस्था जास्त महत्त्वाची वाटत गेली. शाळेला किट मिळायचं आणि संपलेलं सामान भरून द्यायची सोय होती. परीक्षेला पुस्तक आणि वही घेऊन बसायला परवानगी, शिवाय प्रयोगांची वेगळी परीक्षा. मुलं 'सवालीराम' नावाच्या एका काल्पनिक माणसाला पत्रं लिहून काहीही विचारत आणि त्यांना खरोखर उत्तरं जात. आणि दर महिन्याला आसपासच्या शाळांचे शिक्षक एका ठिकाणी जमत, ती 'मासिक गोष्ठी'. कोणता प्रयोग फसला, मुलांनी काय विचारलं, आपल्याला काय सांगता आलं नाही, हे तिथे बोलायचं.

त्या मुलीचा प्रश्न १९८५ मध्ये तिकडच्या एखाद्या शाळेत निघाला असता तर त्याला जायला जागा होती. मावशीच्या मोबाइलवर ती जागा मला सापडली नाही.

जुलै २००२ मध्ये मध्य प्रदेश सरकारने हा कार्यक्रम बंद केला. त्यावर खूप वाद झाला, तो सगळा सुशील जोशी यांच्या 'जश्न-ए-तालीम'मध्ये सविस्तर आहे. योगायोग असा, की त्याच वर्षी अमेरिकेत कोलोरॅडोला कार्ल वाईमन यांनी 'फेट' सुरू केलं. संगणकावर प्रयोग करून बघायची ही सोय आज मराठीतही आहे. या योगायोगातून मी काही सिद्ध करत नाही, पण माझ्या वहीत ही दोन वाक्यं एकाखाली एक आली तेव्हा मी थोडा वेळ तिथेच थांबले.

होविशिकेतून जाळ्यावर आलेली सगळ्यात ओळखीची गोष्ट म्हणजे अरविंद गुप्ता यांची खेळणी. आयआयटी कानपूरचा हा इंजिनिअर पुण्यात टेल्कोत नोकरी करत होता. १९७८ मध्ये वर्षभराची रजा घेऊन किशोर भारतीत गेला. आठवडी बाजारातून सायकलची व्हॉल्व्ह ट्यूब आणली, तुकडे केले, त्यांत काड्यापेटीच्या काड्या खोचल्या. त्रिकोण केला तर तो हलत नाही, चौकोन केला तर लगेच कलंडून समभुज चौकोन होतो. भूमितीचा एवढा स्वस्त धडा मी दुसरा पाहिलेला नाही. पुढे गुप्ता पुण्यात आयुकाच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत अकरा वर्षं होते, आणि त्यांच्या संकेतस्थळावर हजारो पुस्तकं आणि खेळणी, मराठीतलीही, कोणालाही मोफत मिळतात. २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. मराठीत 'शैक्षणिक संदर्भ' हे पुण्याहून निघालेलं द्वैमासिकही याच परंपरेतलं.

म्हणजे वस्तू आल्या, पुस्तकं आली, 'बाल वैज्ञानिक'ही वाचायला मिळतं. इतिहासाची विद्यार्थिनी म्हणून मला याचा आनंदच आहे, नाहीतर माझा प्रबंध कसा झाला असता? पण जे स्कॅन करता येतं तेच जपलं गेलं. परीक्षा बदलणं, संपलेलं सामान भरून देणं आणि महिन्यातून एकदा एकमेकांसमोर 'मला हे कळलं नाही' म्हणणं, यांची पीडीएफ होत नाही. म्हणून साहित्य शोधताना मी मावशीला एक साधी युक्ती सांगितली. प्रयोग सापडला की त्यात एक गोष्ट बदलून बघ: मेणबत्तीची संख्या, ग्लासाची उंची, काहीही. स्पष्टीकरण तग धरत नसेल तर व्हिडिओ कितीही चकचकीत असो, सोडून दे. प्राणवायूचं प्रमाण दाखवायचंच असेल तर ओला स्टील वूल परीक्षानळीच्या तळाशी घट्ट बसवून नळी पाण्यात उलटी ठेव. तो गंजताना प्राणवायू खरोखर वापरला जातो. पाणी दिवसा-दोन दिवसांत हळूहळू चढतं आणि एक पंचमांशाच्या आसपास थांबतं.

"तुमच्या केंद्रातली शिक्षण परिषद असते ना दर महिन्याला, तिथे का नाही विचारत?" मी मावशीला म्हटलं.

ती हसली. "तिथे माहिती भरायची असते गं. कोणाचे किती फॉर्म राहिले ते." मग ग्लास पुसता पुसता म्हणाली, "पण केंद्रप्रमुख बरे आहेत. चहाच्या वेळी दहा मिनिटं मागून बघते. ताटली आणि मेणबत्त्या मीच नेईन."

परिषद पुढच्या गुरुवारी आहे. त्या मुलीलाही बरोबर न्यावं असं तिच्या मनात आहे, पण शाळा बुडवायची परवानगी मिळेल का, हे अजून ठरायचंय.